पुलावरच्या पहारेकऱ्याचा आवाज

१

रविवारी माझं चष्म्याचं दुकान बंद असतं आणि दुपारी तीन ते सात आम्ही दुकानाच्या मागच्या खोलीत खेळतो. खोलीत काचा घासायचं मशीन आहे, फ्रेमचे खण आहेत, गिऱ्हाइकांसाठी दोन आरसे आहेत आणि मधोमध एक बुटकं टेबल आहे. सोमवार ते शनिवार मी त्या टेबलावर स्क्रू बसवतो.

खेळ असा, की एक गोष्ट असते आणि ती कुणी लिहिलेली नसते. तिघं जण त्या गोष्टीतलं एकेक पात्र होतात आणि उरलेलं सगळं जग मी होतो. खानावळवाली मी, दरोडेखोर मी, राजा मी, राजाची आजारी बकरी पण मीच. पुढे काय होणार यावर वाद झाला की फासे टाकायचे. कुणी खिडकीतून पाहिलं तर चार मोठी माणसं गोल बसून एकमेकांना थापा मारतायत असं त्याला वाटेल, आणि ते अगदीच चूक नाही.

माझ्यासमोर पुठ्ठ्याचा आडोसा असतो. जाहिरातीचा एक जुना बोर्ड तीन ठिकाणी दुमडून मी तो केलाय. त्याच्यामागे मी माझे कागद लपवतो. टेबल बुटकं आणि आडोसा उंच, म्हणून खेळणाऱ्यांना माझं कपाळ आणि चष्मा दिसतो, तोंड दिसत नाही. हे मी मुद्दाम केलं होतं. आवाज काढताना माणसाचं तोंड फार वाईट दिसतं.

आवाज काढायची माझी पद्धत आहे. गिऱ्हाइकाचा नंबर लिहायची जी कार्डं असतात, त्यांच्यावर मी पात्रांचे नंबर लिहितो. आवाज नाकात की टाळूला की छातीत, हनुवटी वर की खाली, हात कुठे. आधी तसं बसायचं, मग आवाज पाठोपाठ येतो. डब्यात अशी शंभरएक कार्डं आहेत. या बाबतीत मी जरा शिष्ट आहे, कबूल करतो.

हे सगळं सुरू केलं ते धाकटीसाठी. धाकटी म्हणजे माझी बहीण, सव्वीस वर्षांची. ती लहानपणापासून बोलताना अडखळते. पहिल्याच अक्षरावर गाडी अडते, मूठ वळते, पापणी फडफडते आणि समोरचा माणूस घड्याळाकडे बघायला लागतो. ती वाचनालयाच्या मागच्या खोलीत फाटकी पुस्तकं चिकटवते. तिथल्या बाईंनी तिला दोनदा पुढच्या काउंटरवर बसायला सांगितलं आणि ती दोनदा नाही म्हणाली. पण खेळात ती एक तोंडाळ चोरटी बाई होते, आणि तेव्हा तिची निम्म्याहून जास्त वाक्यं सरळ बाहेर पडतात. दुसऱ्याच्या नावाने बोलताना तिचं सुटतं. एक दिवस ते खेळाबाहेरही सुटावं, एवढंच मला हवं होतं. आईलाही तेच हवं होतं, फक्त ती ते रोज म्हणायची.

बाकीचे दोघं म्हणजे मास्तर आणि नर्सबाई. मास्तर शाळेत गणित शिकवतात आणि आमच्या खेळाचा वृत्तांत ठेवतात, त्यासाठी त्यांचा फोन टेबलाच्या मधोमध रेकॉर्डिंग करत पडलेला असतो. नर्सबाई इस्पितळातली पाळी संपवून थेट येतात आणि गोष्टीतल्या सगळ्यांना ठार मारायला बघतात.

२

पहारेकरी जन्माला आला तो अपघाताने. त्या रविवारी तिघांनी शहराकडे जायचं ठरलं होतं. मी शहराची जय्यत तयारी केली होती, सात नवी कार्डं लिहिली होती. आणि ऐनवेळी नर्सबाईंनी खोडा घातला. त्यांना परत फिरायचं होतं, कधीतरी महिन्यापूर्वी ओलांडलेल्या एका पुलाकडे. खेळणारी माणसं असंच करतात, खेळवणाऱ्याच्या नाकी नऊ आणतात.

"पुलावर कोण आहे?" मास्तरांनी विचारलं.

पुलावर कुणीच नव्हतं. मी डब्याकडे हात नेत होतो, एवढ्यात मी बोललो.

"या. फार दिवसांनी आलात."

आवाज आधी आला. मग माझ्या लक्षात आलं की माझी हनुवटी छातीला टेकलीये आणि डावा हात मांडीखाली गेलाय. सगळा श्वास सोडून झाल्यावर जो थोडा उरतो, तेवढ्यावरच बोलणारा तो आवाज होता. हळू, कोरडा, अदबशीर. सगळ्यांना आपण-आपण करणारा. मी मनाशी म्हटलं, इतकी वर्षं हेच करतोय, आता अंगवळणी पडलं असेल. चांगलं सुचलं की माणूस फार चौकशी करत नाही.

पहारेकरी सगळ्यांना आवडला, पण धाकटीला फार आवडला. तिची चोरटी बाई त्याच्याशी हुज्जत घालायला लागली. मध्येच ती एका शब्दावर अडली. नर्सबाईंनी सवयीने तो शब्द पुरा केला.

"त्यांना म्हणू द्या," पहारेकरी म्हणाला.

नर्सबाई ओशाळल्या. धाकटीने आडोशाकडे पाहिलं आणि सावकाश, अडत अडत, तिचा शब्द तिने स्वतः पुरा केला. मला फार बरं वाटलं. मग थोड्या वेळाने वाटलं, हे मला सुचलं कसं? तिची वाक्यं मी स्वतः वीस वर्षं पुरी करत आलोय.

३

मास्तर रविवारी रात्री रेकॉर्डिंग पाठवतात आणि सोमवारी सकाळी दुकानात गर्दी नसते तेव्हा मी ते ऐकतो. हातात एखादी फ्रेम असते, कानात आमचाच गलका. मी काय बोलून बसलोय ते लक्षात ठेवावं लागतं, नाहीतर ही मंडळी पुढच्या आठवड्यात मला तोंडघशी पाडतात.

त्या सोमवारी सगळं ऐकून होत आलं होतं. मास्तर आणि नर्सबाई कुठल्याशा दोरखंडावरून वाद घालत होते. त्यांच्या वादाच्या आडून पहारेकऱ्याचा आवाज आला.

"कुठल्या अक्षरापाशी थांबायला होतं आपल्याला?"

"स... सगळ्याच," धाकटी म्हणाली. ती चोरट्या बाईच्या आवाजात बोलत नव्हती, स्वतःच्या आवाजात बोलत होती.

"माझ्याकडे द्या. मी धरतो."

मला हे बोलल्याचं आठवेना. तेही चाललं असतं, चार तासांत माणूस काय काय बोलतो. पण त्या "माझ्याकडे द्या"च्या खाली आणखी एक आवाज होता. बाटलीचं झाकण फिरलं आणि कुणीतरी घटाघट पाणी प्यायलं. तीन घोट. मग मी खाकरलो, जसा मी पाणी प्यायल्यावर नेहमी खाकरतो.

मी ते अकरा वेळा ऐकलं. पहिल्या घोटाच्या आधी पहारेकरी बोलायला लागला होता आणि तिसऱ्या घोटापर्यंत बोलत होता. मग मी शहाण्यासारखं बाटली घेऊन स्वतःवर प्रयोग केला आणि एका गिऱ्हाइकाच्या तयार चष्म्यावर पाणी उडवलं. पाणी गिळता गिळता माणसाला बोलता येत नाही.

माझ्या डोक्यात पहिलं नाव आलं ते मास्तरांचं. फोन त्यांचा, रेकॉर्डिंग त्यांचं. मी संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. ते वह्या तपासत होते.

"मी कशाला असले उद्योग करीन?" ते म्हणाले. "मला साधा फोटो कापता येत नाही. आणि आवाज तुझाच आहे की. तू म्हणतोस तरी कुणाचा?"

त्यांना राग आला होता आणि तो खरा वाटत होता. पण इतकी वर्षं खोटं बोलायचा खेळ खेळलेल्या माणसाचा राग खरा धरायचा की नाही, हे मला ठरवता येईना. नर्सबाईंना फोन केला, तर त्या म्हणाल्या, "पाणी प्यायलास की नाही ते मला काय माहीत? तू बोलतोस तेव्हा आम्ही त्या पुठ्ठ्याकडे बघतो. तुझ्याकडे कोण बघतंय?"

धाकटीला विचारायचं नव्हतं, पण तिनेच विषय काढला. ती बुधवारी दुकानात डबा द्यायला आली होती.

"म... मला आवडलं," ती म्हणाली.

"काय?"

"तू वि... विचारलंस ते. क... कुणी विचारत नाही." मग तिने माझ्या टेबलावरचा पसारा पाहिला आणि नाक मुरडलं. "आ... आंधळ्यांचा डॉक्टर, आणि स्वतःला स्क्रू स... सापडत नाही."

तिचे डोळे भरून आले होते म्हणून तिने ती थट्टा केली, हे मला कळलं. ते मी विचारलं नव्हतं, असं सांगायची माझी छाती झाली नाही. याची मला आजही लाज वाटते.

४

शुक्रवारी माझा घसा बसला. रविवारपर्यंत तर नुसती हवाच बाहेर यायला लागली. नर्सबाईंनी मला डोळे तपासायच्या खुर्चीत बसवलं, माझाच टॉर्च घेऊन घशात पाहिलं आणि म्हणाल्या, "लाल नाही, सूज नाही, काही नाही. नाटकं करतोयस का?"

मी खेळ पुढे ढकलायला तयार होतो. खरं सांगायचं तर उत्सुक होतो. पण धाकटी म्हणाली, "प... पहारेकरी मी करते."

आमच्यात हे चालतं. खेळवणारा दमला की तो एखादं पात्र दिवसापुरतं खेळणाऱ्याच्या हाती देतो, कार्डासकट. बकरी एकदा मास्तरांनी केली होती आणि झकास केली होती. म्हणून कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. आणि मला? मला सुटल्यासारखं वाटलं. तो आवाज माझ्या तोंडातून निघून जाईल, दुसरीकडे कुठेतरी जाईल, मला पाणी पिताना भीती वाटणार नाही. ती माझी बहीण आहे हा विचार त्याच्या नंतर आला, आणि तोपर्यंत मी मान हलवली होती.

पहारेकऱ्याचं कार्ड मी कधी केलंच नव्हतं. मी एक कोरं कार्ड तिच्याकडे सरकवलं, बोलता येत नव्हतं म्हणून खुणेने सांगितलं, की थांब, लिहून देतो. तिने माझ्या हातातलं पेन घेतलं आणि स्वतःच लिहिलं. हनुवटी खाली. डावा हात मांडीखाली. आधी श्वास सोडायचा, मग बोलायचं.

मग ती तशी बसली. नर्सबाईंनी तिच्यासाठी पाण्याचा पेला भरला.

"या," ती म्हणाली. "आज आपण तिघंच?"

बाईने पुरुषाचा आवाज काढला की त्यात थोडी बाई उरते. यात उरली नव्हती. कोरडा, हळू, श्वासाच्या तळाशी गेलेला आवाज. ती चाळीस मिनिटं त्या आवाजात बोलली आणि एकदाही अडली नाही. मास्तर लिहायचे थांबले. नर्सबाईंनी टाळ्या वाजवल्या आणि मग डोळे पुसले.

सगळे गेल्यावर मी तिच्या खुर्चीत जाऊन बसलो. आडोशामागचं तिला कसं दिसलं असेल, हा किडा डोक्यात वळवळत होता. दोन आरसे आहेत, त्यातून दिसलं असेल. मी मान वळवून, वाकून, चष्मा काढून, घालून पाहिलं. एका आरशात फ्रेमचे खण दिसत होते आणि दुसऱ्यात दार. माझी खुर्ची कशातच दिसत नव्हती.

सोमवारी माझा घसा साफ बरा झाला.

५

पुढचं फार लवकर झालं. त्याच आठवड्यात आईचा फोन आला. ती हसतेय की रडतेय ते कळेना.

"काल तिने सिलिंडरवाल्याला फोनवर झापलं," आई म्हणाली. "झापलं म्हणजे काय, इतकं गोड बोलून झापलं की तो माफी मागायला लागला. एकदा सुद्धा अडली नाही रे. तुझे उपकार झाले. मी त्या तुमच्या खेळाला नावं ठेवत होते."

पंधरा दिवसांत धाकटी पुढच्या काउंटरवर बसायला लागली. सगळे माझं कौतुक करत होते आणि मला जेवण जाईना.

मी एका मंगळवारी दुकान अर्धा तास बंद करून वाचनालयात गेलो आणि मासिकांच्या रॅकमागे उभा राहिलो. स्वतःच्या बहिणीवर पाळत ठेवणाऱ्या माणसाला जे वाटायला हवं ते मला वाटत होतं. ती एका आजोबांशी बोलत होती. आवाज तिचाच, बाईचा. मी हुश्श करणार होतो. मग तिने त्यांचं बोलणं पूर्ण ऐकून घेतलं, श्वास सोडला आणि सोडून झाल्यावर बोलायला सुरुवात केली.

"आपण बसा. घाई नाही."

तिचा डावा हात मांडीखाली होता. ती तशीच एका हाताने पुस्तकांवर शिक्के मारत होती.

त्यानंतर मी हिशेब मांडत बसायला लागलो. अडखळणं गेलं, ठीक. पण त्याच्याबरोबर आणखी काय काय गेलं? अडणारा शब्द टाळून ती दुसराच वेडावाकडा शब्द वापरायची आणि त्यातून विनोद व्हायचे, ते गेले. माझी टिंगल गेली. शिवी गेली, आणि धाकटी अडखळत सुद्धा फार सुरेख शिव्या द्यायची. आईला ती एकदा 'आपण' म्हणाली. आईला ते गमतीचं वाटलं. दुकानात आली की ती आता पसाऱ्याकडे बघत नाही. नुसती उभी राहते, माझं बोलणं संपायची वाट बघत.

मी आईकडे गेलो. ती भाजी चिरत होती.

"आई, तिच्यात तुला काही वेगळं वाटत नाही?"

"वाटतं ना. बोलते."

"तसं नाही गं. ती... ती तीच आहे असं मला वाटत नाही."

आईने सुरी खाली ठेवली.

"इतकी वर्षं ती सगळीकडे तुझ्या मागे उभी राहायची आणि तू तिच्या वतीने बोलायचास," ती म्हणाली. "आता तिला तुझी गरज लागत नाही. तेच खुपतंय का तुला?"

त्या रात्री मी स्वतःला तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला. उत्तर थोडंसं हो असं येत होतं. म्हणून तर माझा माझ्यावर विश्वास बसेना. पण उरलेलं सगळं उत्तर भीती हेच होतं. मला माझी अडखळणारी बहीण परत हवी होती, आणि ही गोष्ट ज्याच्यासमोर मोठ्याने म्हणता येईल असा माणूस मला आख्ख्या जगात सापडत नव्हता.

६

खेळवणाऱ्याच्या हातात एक गोष्ट असते. तो म्हणेल ते त्या जगात खरं होतं. मी आठवडाभर विचार केला आणि ठरवलं, की पहारेकऱ्याला संपवायचं. त्याचं काही होवो न होवो, निदान तिला त्याच्या जागी बसायला कारण उरणार नाही.

रविवारी तीन वाजता सगळे आले. पहारेकरी आता धाकटीकडेच असायचा, चोरटी बाई तिने केव्हाच सोडून दिली होती. मी वळसे न घेता सुरुवात केली. नदीला पूर आलाय. पुलाचे खांब हलतायत.

"एकदम?" मास्तर म्हणाले. "आभाळ तर निरभ्र होतं, मागच्या पानावर आहे."

"आता नाही," मी म्हणालो. "पूल मधोमध तुटतो. पहारेकरी पुलावर उभा आहे. त्याच्या पायाखालची फळी जाते आणि तो नदीत पडतो. पाणी फार जोरात आहे. तो बुडतो. मेला."

"अरे, फासे तरी टाक," नर्सबाई म्हणाल्या. "असं कुणी मारतं का? तिचं पात्र आहे ते."

"माझं पात्र आहे," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता.

धाकटी हनुवटी खाली घालून ऐकत होती. तिने मला पूर्ण बोलू दिलं. मग मी दमलोय का ते पाहावं तशी थोडी थांबली.

"पुलावर कुणी नव्हतं, मालक," पहारेकरी म्हणाला. "मी केव्हाच अलीकडे आलोय."

मग मास्तरांनी टेबलावर थाप मारली आणि वृत्तांताच्या वहीत ते वाक्य लिहून घेतलं. नर्सबाई म्हणाल्या, इतक्या वर्षांत असला डाव कुणी टाकला नव्हता. दोघंही मनापासून हसत होते. मी आडोशामागे होतो, म्हणून माझं तोंड त्यांना दिसलं नाही.

७

पाच वाजताच मी खेळ आवरला. मास्तर आणि नर्सबाई कुरकुरत गेले. धाकटीला मी थांब म्हणालो. ती डोळे तपासायच्या खोलीत जाऊन गिऱ्हाइकाच्या उंच खुर्चीत बसली. ती खोली अरुंद आहे. एका टोकाला अक्षरांचा तक्ता, दुसऱ्या टोकाला खुर्ची, मध्ये मला जेमतेम उभं राहता येतं. तक्त्यामागचा दिवा चालू होता आणि तो उजेड तिच्या तोंडावर पडला होता.

मी काय बोलायचं ते ठरवलं होतं, पण ते सगळं विसरलो. मी तिचा हात धरला. तो तिने मांडीखालून काढू दिला. गरम होता, बोटांना खळीचा वास होता. पुस्तकं चिकटवणं तिने अजून सोडलं नव्हतं तर. मला एकदम रडू आलं.

"मी तुझी वाक्यं पुरी करायचो," मी म्हणालो. "ते चुकलं माझं. मी घाई करायचो. मला लोकांसमोर लाज वाटायची, तेही खरं आहे. तू कशीही बोल. दिवसभर एका शब्दावर अडकून बस, मी बसेन समोर. फक्त तू आहेस एवढं मला कळू दे. एकदाच माझ्याशी पहिल्यासारखं बोल."

तक्त्याच्या दिव्याचा बारीक गुणगुणणारा आवाज येत होता. तो इतकी वर्षं येत असणार, मी कधी ऐकला नव्हता. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. तिचा ओठ हलला आणि थांबला. मूठ वळली. डावी पापणी फडफडायला लागली.

"द... द... दादा," ती म्हणाली. "म... मी आहे ना."

तेच अडखळणं होतं. तोच ओठांचा चंबू, तोच गळ्याशी अडकलेला श्वास, शब्द सुटल्यावर खांद्यांचं तेच खाली येणं. माझा जीव भांड्यात पडला. मी तिला जवळ घेतलं, तिच्या डोक्यावर हनुवटी टेकवली आणि मनात म्हटलं, मी वेडा होतो, संशयी होतो, आईचं खरं होतं.

मग मी तिला सोडलं आणि तिने पटकन वर पाहिलं.

ते बघणं माझ्या ओळखीचं आहे. अडखळून झाल्यावर धाकटीने आजवर कधी कुणाकडे पाहिलं नाही. ती जमिनीकडे बघते, खिडकीकडे बघते, समोरच्याच्या तोंडावरची कीव तिला बघायची नसते. आवाज काढून झाल्यावर लगेच समोरच्याच्या तोंडाकडे कोण बघतं, ते मला विचारा. मी बघतो. प्रत्येक रविवारी, नवा आवाज काढला की आडोशावरून मान उंचावून मी तिघांचे चेहरे चाचपतो. जमला का? पटला का त्यांना?

तिचे डोळे माझ्या चेहऱ्यावरून तसे फिरले. कपाळ, डोळे, तोंड. अगदी शांतपणे, घाई न करता.

"आ... आता रोज अ... असंच बोलू का?" तिने विचारलं.

मी हो म्हणालो.